वाफ बंद करायला आलेले साहेब

आमच्या साहेबांना कुजबुजता येत नसे. सगळी हयात टर्बाइन आणि इंजिनांच्या शेजारी गेलेली, त्यात कानांवर काही लावायचं नाही हा हट्ट. त्यामुळे त्यांचं हळू बोलणं म्हणजे इतरांचं हाका मारणं. एकदा प्लँटमधले आम्ही सगळे नृसिंहवाडीला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत ते माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सकाळधरनं लई पाणी जायलंय बगा." पुढची अख्खी रांग मागे वळली. एका आजींनी मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "साखर तपासून घेतली का त्यांची?"

पाणी जात होतं ते बॉयलरचं. आणि मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्र शिकले, आणि प्लँटच्या लहानशा प्रयोगशाळेत बॉयलरचं पाणी तपासायचं काम करते. साहेबांच्या मते पाणी हे बॉयलरचं रक्त, ते मी रोज काढून तपासते, म्हणून मी डॉक्टरीणबाई. त्या आजींना हे सगळं समजावून सांगण्याइतकं बोलणं मला तेव्हाही जमलं नाही. मी नुसतं "हो, घेते तपासून" म्हणाले.

साहेब गेल्या पावसाळ्यात गेले. घरी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्याविषयी काही लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण लिहायला बसलं की आधी त्यांचा आवाजच ऐकू येतो, आणि माणूस मागे राहतो.

आमचा प्लँट कबनूरच्या अंगाला आहे. तिथं गॅसवर मोठी इंजिनं चालतात आणि वीज करतात. इंजिनांचा तापलेला धूर तसाच आभाळात न सोडता बॉयलरमधून फिरवायचा, त्याच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची, आणि ती वाफ रस्त्याकडेच्या खांबांवरून पाइपानं आसपासच्या कारखान्यांना पोचवायची, असा सगळा कारभार. घेणारे म्हणजे कापड रंगवणारी प्रोसेस हाउसं आणि सायझिंगवाले. सायझिंगमध्ये सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लावतात आणि वाफेनं तापलेल्या मोठाल्या रुळांवरून ओढून सुकवतात. वाफ मधेच कमी झाली तर सूत ओलं राहतं, एकमेकांना चिकटतं, आणि सगळा बीम, म्हणजे गुंडाळलेल्या सुताचा अख्खा रूळ, वाया जातो.

साहेब आमच्याकडे आले ते साखर कारखान्यातली नोकरी संपवून. तिथं उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवायची त्यांना सवय. गॅसविषयी सुरुवातीला त्यांच्या मनात थोडी अढी होती. "चिपाड दिसतंय तरी. ह्यो गॅस दिसत न्हाय, वास न्हाय, राख न्हाय. असल्या माणसावर इश्वास कसा ठेवायचा?" असं म्हणायचे. पण एकाच गॅसवर वीज आणि वाफ दोन्ही निघतात, हे त्यांना मनापासून आवडलं. नव्या पाहुण्यांना प्लँट दाखवताना ते इंजिनापाशी फार थांबत नसत. सरळ धुराड्यापाशी नेत. "हात लावा," म्हणत. पाहुणा बिचकला की स्वतः तळवा टेकवत. "बघा, नुसतं कोमट. सगळी ऊब आत काढून घेतलीया. गरम धूर सोडणं म्हंजे निम्मं ताट टाकून उठणं."

त्यांचं दुःख एकच होतं. इंजिन चाललं की मागोमाग वाफ तयार होणारच, आणि ती कुणी घेतली नाही तर वरच्या व्हेंटमधून सोडून द्यावी लागते. सणासुदीला कारखाने बंद असले की व्हेंटमधून पांढरा लोट निघे आणि साहेब अस्वस्थ होत. ऑफिसच्या दारात उभे राहून वर बघत, आणि मग एकेका मालकाला फोन. "पावणं, वाफ हाय. घेता का? अवो, नुसती टाकी तरी तापवून ठेवा!" दिवाळीच्या पाडव्याला अभ्यंगस्नान करून नुकत्याच बसलेल्या प्रोसेसवाल्याला हा फोन गेल्याचं मला ठाऊक आहे. तो म्हणाला होता, "साहेब, आंघोळ झाली माझी."

एका गणपतीत त्यांनी ठरवलं की वाया जाणाऱ्या वाफेवर कँटीनचा स्वयंपाक करायचा. इडलीच्या भांड्यात पाइप सोडायचा, संपलं. मी नाही म्हटलं. बॉयलर गंजू नये म्हणून पाण्यात जी रसायनं घालतो, त्यांतली काही वाफेबरोबर जातात. ती वाफ अन्नाला लागता कामा नये. साहेब प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले.

"मग तुमची औषधं बंद करा की चार दिस."

"बॉयलर खराब होईल."

"इडल्या तर व्हतील?"

"लोक आजारी पडतील, साहेब."

ते बराच वेळ माझ्या टेबलावरच्या बाटल्यांकडे रागानं बघत राहिले. मी माझ्या जागेवरून हलले नाही. शेवटी "बरं" म्हणून गेले, आणि काही आठवड्यांनी कुठल्याशा मोडीतून दुहेरी भिंतींचं एक मोठं पातेलं घेऊन आले. वाफ दोन भिंतींच्या मधून फिरायची, अन्नाला तिचा स्पर्श नाही. मी तपासून होकार दिला. त्यात पहिल्यांदा काय शिजवलं असेल, तर पांढरा रस्सा. नारळाचं दूध जरा जास्त तापलं की फुटतं, आमचा कँटीनवाला कायम त्या धास्तीत. या पातेल्यात ऊब सगळीकडून सारखी, रस्सा फुटला नाही. साहेबांनी पहिली वाटी मला आणून दिली. मी मांसाहार करत नाही हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी वास घेतला आणि "छान आहे" म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते लोकांना सांगत होते, "डॉक्टरीणबाईंनी पास केलाय."

पण साहेबांची खरी ओळख म्हणजे त्यांची एक रीत. कुणाची वाफ बंद करायची असेल तर ते स्वतः जाऊन सांगत. फोनवर नाही, ग्रुपवर मेसेज टाकून नाही. गॅसचा दाब कमी झाला, कुठं रस्ता खोदताना पाइपलाइनला धक्का लागला, किंवा आमचंच इंजिन दुरुस्तीला काढलं, की थोडा वेळ काही लाइनी बंद कराव्या लागत. साहेब जुनी स्कूटर काढत आणि एकेका कारखान्यात जात. मालकाला किंवा तिथल्या मुख्य कारागिराला समोर उभं करून सांगत, "आता बंद व्हणार हाय. हातातलं काम उरका." त्यांचं काम उरकेपर्यंत तिथंच थांबत, मग आमच्या बॉयलर ऑपरेटर सदाला फोन करून व्हॉल्व फिरवायला सांगत.

सदा त्यांच्या मागे हसायचा. "साहेब शेवटच्या गिऱ्हाइकापाशी पोचस्तोवर पहिल्याची वाफ परत चालू व्हतीया." तोंडावरही म्हणायचा, कारण साहेबांना तोंडावर बोललेलं चालत असे. एकदा त्यानं विचारलं, "साहेब, आता मोबाइल हायत की सगळ्यांकडं."

"झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढायचं असलं तर काय करतोस?"

"काढतो."

"म्हणून तुझी बायको म्हायेरी जाऊन बसलीया."

सदाची बायको तेव्हा बाळंतपणाला गेली होती. तरी सगळे हसले, तोही हसला.

या रिवाजामागे एक जुनी गोष्ट होती. प्लँट नवा असताना त्यांनी एका प्रोसेस हाउसला फोन करून वाफ बंद केली. फोन पहारेकऱ्यानं घेतला, "सांगतो" म्हणाला, आणि विसरला. भट्टीतलं सगळं कापड डागी झालं. मालक भांडायला आला नाही. साहेब सांगायचे, "भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ते कापड माझ्याम्होरं पसरलं नि च्या मागवला. मी निरोप दिलता, पर त्यो पोचला न्हवता."

आता मेहबूबभाईंविषयी सांगायला हवं. आमची सगळ्यांत लांबची लाइन त्यांच्या सायझिंगपर्यंत जायची. वडिलांपासूनचा धंदा, लाकडावर चालणारा वडिलांच्याच काळातला बॉयलर. साहेब त्यांच्याकडे कितीतरी महिने खेपा घालत होते. मेहबूबभाईंचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, माझा बॉयलर माझ्या दारात हाय. तुमची वाफ तुमच्या हातात. उद्या तुम्ही नळ फिरवला, तर मी कुणाच्या दारात जाऊ?" शेवटी साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मी हाय तोवर तुमची वाफ बंद व्हणार न्हाय." एवढ्यावर मेहबूबभाईंनी बॉयलर मोडीत काढला. भंगारवाला आला त्या दिवशी साहेब नारळ घेऊन गेले आणि जाणाऱ्या बॉयलरसमोर फोडला. मेहबूबभाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, आणि बॉयलर ट्रकवर चढेपर्यंत दुसऱ्या हातानं त्याच्या पत्र्यावर थोपटत राहिले. हे मला सदानं सांगितलं. साहेब या दिवसाविषयी कधी बोलले नाहीत.

काही वर्षं ठीक गेली. मग गॅस महागला आणि कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून सगळ्याचा हिशेब सुरू झाला. मेहबूबभाईंची लाइन लांब. तिच्यावरचं उष्णता धरून ठेवणारं वेष्टण पावसानं कुजलेलं. निम्मी वाफ वाटेतच पाणी होऊन जायची. आणि टोकाला एकच लहान गिऱ्हाईक. लाइन बंद करा, असा हुकूम आला. साहेब पुण्याला जाऊन आले. वेष्टण नवं घालतो म्हणाले, वाटेवर आणखी गिऱ्हाइकं शोधतो म्हणाले. त्यांनी शोधलीही. कबनूरच्या त्या रस्त्यावरच्या प्रत्येक सायझिंगमध्ये ते स्कूटर लावून "वाफ घेता का?" विचारत फिरले. लोकांनी चहा पाजला. आपला बॉयलर सोडायला कुणी तयार झालं नाही. पुण्याहून पुन्हा तोच हुकूम आला, या वेळी तारखेसकट.

लाइन शेवटी बंद झाली, हे आधीच सांगून टाकते. मेहबूबभाईंच्या दारात आलेलं सगळं सूत पुरं होईपर्यंत साहेबांनी ती चालू ठेवली, त्यावरून पुण्याची बोलणी खाल्ली, आणि मग बंद झाली. मेहबूबभाई आता मेहुण्याच्या सायझिंगमध्ये भागीदार आहेत, त्यांची बरीचशी माणसंही तिथंच लागली. शेड भाड्यानं दिली आहे, तिच्यात माग चालतात. सगळ्यांचं काही वाईट झालं नाही. पण ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ज्या माणसाच्या शब्दावर मेहबूबभाईंनी स्वतःचा बॉयलर विकला, त्याच माणसानं जाऊन त्यांना सांगायचं आहे.

साहेब सांगायला गेले. दुपारी परत आले. सदानं विचारलं, "सांगितलं?"

"बीम चालू हुता. चालू मशिनीवरच्या माणसाला असलं सांगत न्हाईत."

दुसऱ्यांदा गेले.

"आज त्यांचा जावई आलता. जावयाम्होरं कसं सांगू?"

तिसऱ्यांदा परत आले ते ढेकर देतच.

"आज काय झालं, साहेब?"

"भाभींनी खिमा केलता."

"मंग?"

"मंग काय. जेवलो."

असं होता होता तारीख जवळ आली. प्लँटमध्ये हा थट्टेचा विषय होता, पण थट्टा हळूहळू थांबली, कारण साहेब बोलायचे थांबले. कंट्रोल रूममध्ये खुर्चीत बसून त्या एका लाइनच्या दाबाच्या काट्याकडे बघत राहत. जो माणूस थोडा वेळ वाफ बंद करायची म्हणून गावभर स्कूटरवर फिरायचा, त्याला कायमची बंद करायची आहे हे एका माणसाला सांगता येत नव्हतं.

मग एका सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात आले. "डॉक्टरीणबाई, तुम्ही चला माझ्यासंगं. तुमच्या तोंडातनं शब्द नीट येत्यात."

मी म्हटलं, "साहेब, मला लोकांशी बोलायला जमत नाही."

"म्हणूनच. तुम्ही कमीत कमी बोलाल."

स्कूटरवर मी मागे बसले. वाटेत ते मला काय बोलायचं ते शिकवत होते, आणि त्यांचा आवाज असा की रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते ऐकू जात होतं. शेडच्या दारात टेम्पो उभा होता आणि हमाल सुताची पोती उतरवत होते. आत गरम खळीचा आंबूस वास. मेहबूबभाई हात पुसत बाहेर आले. उंच, वाकलेले, दाढी पांढरी. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला, आणि लगेच कसलीशी चिंताही वाटली, असं मला दिसलं.

"या साहेब. मॅडम पण आल्या. या, आधी आत चला."

घर शेडला लागूनच होतं. दस्तरखान, म्हणजे जेवायची चादर, आधीच अंथरलेलं. भाभींनी माझ्यासाठी वेगळी भाजी केली होती. म्हणजे मी येणार हे त्यांना आधीच कळलं होतं. हात धुऊन आम्ही बसलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेहबूबभाईच बोलायला लागले. दस्तरखानाकडे बघत, शाळेतल्या मुलानं पाठ केलेली कविता म्हणावी तसे.

"साहेब, एक बोलायचं हुतं. ह्या महिन्यानंतर सायझिंग बंद करणार हाय मी. वय झालं. पोरगं पुण्याला, त्यो काय येत न्हाय. कोण बघणार? तुमची लाइन तुम्ही खुशाल काढून घ्या. माझं काय म्हणणं न्हाय."

मला एकदम हलकं वाटलं. आता कुणालाच काही सांगावं लागणार नव्हतं. साहेबांनी "बरं" म्हणायचं, जेवायचं, आणि उठायचं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते "बरं" म्हणाले नाहीत.

"मेहबूबभाई, दारात टेम्पो कसला हाय?"

"कुठला टेम्पो?"

"सूत उतरायलंय त्यो."

"त्यो व्हय... ते मागंच सांगून ठेवल्यालं. परत लावतो."

"परत लावायचं तर उतरवायलासा कशाला?"

भाभी दारात वाडगा घेऊन उभ्या होत्या, त्या तिथंच थांबल्या.

"खोटं बोलाय पण शिकाय लागतंय ओ," साहेब म्हणाले. "मला न्हाय आलं, तुम्हालाबी न्हाय आलं." मग ते उठून उभे राहिले. बसून सांगायची ही गोष्ट नाही असं त्यांना वाटलं असावं. "ऐका. वरनं हुकूम आलाय, तुमची लाइन बंद करायचा. तुमचा बॉयलर मी विकाय लावला. मी हाय तोवर वाफ बंद व्हणार न्हाय म्हनलो. मी हाय, आणि बंद करायलोय. माझा शब्द मी मोडायलोय. तुम्ही तुमच्या अंगावर घेऊ नगा."

मेहबूबभाईंनी मान वर केली. "मला ठावं हाय, साहेब. कवाचं ठावं हाय. तुमचा सदा च्याच्या गाड्यावर रडत हुता."

"मग इतकं दिस बोललासा का न्हाय?"

"तुम्ही जेवत हुता की."

शेडमधून मशिनीचा आवाज येत होता. साहेब उभेच होते, हात दोन्ही बाजूंना सोडून. त्यांना आता बसावं की जावं ते कळत नव्हतं.

"शब्द मोडायला आलाय न्हवं?" मेहबूबभाई म्हणाले. "मोडा. मी न्हाय म्हणत न्हाय. पर आधी जेवा. ही सकाळधरनं चुलीपाशी हाय."

साहेब खाली बसले. मेहबूबभाईंनी आपलं ताट उचललं, साहेबांच्या समोरची जागा सोडली, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. भाभींनी आधी साहेबांना वाढलं. मग दोघं जेवू लागले, आणि थोड्या वेळानं मीही.